घड्याळाचा धनी

वस्तू कामाला येते तोवर तिची किंमत, असा आपला प्रपंचातला सरळ हिशेब आहे. गळकी घागर मोडीत जाते, मोडकी विळी लोहाराकडे जाते, आणि बंद पडलेले घड्याळ दोन-तीन वर्षे उगीच भिंतीवर राहून अखेर माळ्यावर जाते. परंतु जगात घड्याळांचा असा एक वर्ग आहे, की ज्याला हा हिशेब मुळी लागूच पडत नाही. युरोपातल्या लिलावगृहांच्या देखण्या याद्या ज्यांनी कधी चाळल्या असतील, त्यांच्या डोळ्यांपुढे ही घड्याळे लगेच उभी राहतील. मुठीत मावेल एवढी सोन्याची डबी; तिच्या कडेने अर्ध्या मोत्यांची ओळ; पाठीवर मिन्याच्या रंगांत काढलेले चित्र : एक सरोवर, त्यात एक नाव, काठावर मेंढरे आणि त्यांना राखणारी तरुणी. खाली चार ओळींचे वर्णन. जिनीव्हा, सुमारे १८००. मिन्याला एका बाजूस बारीक तडा. यंत्र चालू, मात्र वेळेची हमी नाही. आणि त्याखाली अपेक्षित किंमत, जिच्यात आपल्याकडे एखादे टुमदार घर उभे राहावे.

‘वेळेची हमी नाही’ हे तीन शब्द मला मोठे गमतीचे वाटतात. ‘तिखटपणाची हमी नाही’ असे सांगून मिरची विकणारी बाई आठवडाच्या बाजारात किती वेळ टिकेल? येथे मात्र विकणारा तसे निर्धास्तपणे छापतो, आणि घेणाराही ते वाचून जराही बिचकत नाही. कारण त्याला वेळ पाहावयाचीच नसते. मग तो नेमके काय विकत घेतो? आणि विकत घेतल्यावर त्याच्या अंगावर काही जबाबदारी येऊन पडते, की पैसे मोजले म्हणजे सारे संपले?

हा श्रीमंतांचा प्रश्न, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पण आजीची नथ, आजोबांच्या हातची पोथी, खापरपणजीच्या माहेरचा तांब्या यांच्या रूपाने हाच प्रश्न आपल्या घरीही राहावयास आलेला असतो. मोठ्या वस्तूंवर तो जरा स्पष्ट दिसतो, एवढेच. म्हणून ही घड्याळे घेऊनच त्याचा विचार करू.

जिनीव्हा शहराचे घड्याळांशी नाते जुळले ते एका बंदीमुळे. सोळाव्या शतकाच्या मध्यास तेथे जॉन कॅल्व्हिन या धर्मसुधारकाचा शब्द चाले. दागदागिने, भपका आणि नाचगाणी यांवर त्याची वक्रदृष्टी होती. शहरातल्या सोनारांचा धंदा बसला. परंतु घड्याळ हा काही दागिना नव्हे. ती उपयोगाची वस्तू. माणसाने प्रार्थनेला वेळेवर यावे, हे तर धर्मालाही हवे. फ्रान्समधून धर्मच्छळाला कंटाळून आलेल्या निर्वासितांनी घड्याळाची विद्या बरोबर आणलेली होतीच. जिनीव्हाचे सोनार हळूहळू तिकडे वळले, आणि १६०१ साली तेथे घड्याळजींचा संघ रीतसर स्थापन झाला.

आता हे उपयोगाचे घड्याळ किती उपयोगाचे होते तेही पाहा. त्या काळच्या घड्याळाला काटा बहुधा एकच असे, तासाचा. दिवसाकाठी पाव-अर्धा तास इकडेतिकडे होणे ही त्यात किरकोळ गोष्ट समजली जाई. १६७५ साली हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने घड्याळाच्या तोलचक्राला बारीक वेटोळ्याची स्प्रिंग बसविण्याची युक्ती प्रसिद्ध केली; तेव्हा कुठे खिशातले घड्याळ मिनिटांची भाषा बोलू लागले. तोवर गळ्यात सोन्याचे घड्याळ घालणारा सरदार ते लावून घेण्यासाठी गावातल्या सूर्यघड्याळाकडेच पाहत असे. उपयोग हे निमित्त होते. माणसाला सुंदर वस्तू हवी होती, आणि ती उघडपणे मागावयाची त्याला चोरी होती. आपल्याकडे नाही का, देवाला म्हणून केलेला गोडाचा नैवेद्य देवापुढून फिरून शेवटी पानात येतो, तसेच.

मला या पळवाटेचा राग येत नाही. उलट तिच्यातून एक कला वाढली, हे कॅल्व्हिनच्या नकळत झालेले पुण्यच म्हटले पाहिजे. त्या मिन्याच्या चित्रांचे काम कसे चाले ते ऐकण्यासारखे आहे. काचेची वस्त्रगाळ पूड करावयाची, तीत निरनिराळ्या धातूंची भस्मे मिसळून रंग तयार करावयाचे, आणि चार केसांच्या कुंचल्याने ते धातूच्या पातळ पत्र्यावर लावावयाचे. मग पत्रा भट्टीत घालावयाचा. भट्टीची आच सुमारे आठशे अंश. तीत काच वितळून पत्र्याला धरते. पण लावताना दिसणारा रंग आणि भट्टीतून निघणारा रंग एक नसतो. कारागिराने तो मनातच पाहावा लागतो. एक रंग भाजून झाला की दुसरा, मग तिसरा. प्रत्येकाला पुन्हा भट्टी. पत्रा तापून वाकू नये म्हणून त्याच्या पाठीलाही मिना द्यावा लागतो. जिनीव्हाचे कारागीर तर चित्र पुरे झाल्यावर वरून पारदर्शक काचेचा आणखी एक थर भाजून चढवीत. त्यामुळे दोनशे वर्षांनंतरही ती चित्रे पाण्याखाली ठेवल्यासारखी ओली दिसतात. यातल्या कोणत्याही भट्टीत, अगदी शेवटच्याही, चित्राला तडा जाऊ शकतो. आणि तडा गेला म्हणजे कित्येक दिवसांचे काम फुकट.

ही घड्याळे दूर देशीही जात. फ्ल्यूरिए या स्विस गावचा एदुआर बोव्हे १८१८ साली चीनच्या कँटन बंदरात उतरला आणि त्याने चार घड्याळे दहा हजार फ्रँकांना विकली, असे सांगतात. १८२२ साली त्याने भावांना घेऊन याच व्यापाराची पेढी काढली. चीनमध्ये भेटवस्तू जोडीने देण्याची रीत. म्हणून तिकडच्यासाठी घड्याळे जोडीजोडीने घडत. एकावरची तरुणी उजवीकडे पाहत असेल तर दुसऱ्यावरची डावीकडे, आरशातल्यासारखी. पुढे वाटण्या झाल्या, लढाया झाल्या, विक्री झाली आणि कितीतरी जोड्या फुटल्या. आज लिलावात एकटेच आलेले असे घड्याळ पाहिले म्हणजे वाटते, हिची दुसरी कुठल्या तिजोरीत असेल?

आता तबकडीकडे वळू. तबकडीवर एक नाव असते. ते घड्याळजीचे, किंवा विकणाऱ्या पेढीचे. बाकीच्यांची नावे कुठेच नसतात. त्या काळच्या घड्याळांत एक साखळी असे. स्प्रिंगची चावी उतरत जाते तसा तिचा जोर कमी होतो. तो सर्वकाळ सारखा राहावा म्हणून ही साखळी एका शंकूवर गुंडाळलेली असते. सायकलच्या साखळीसारखीच तिची घडण, पण जाडीला सुतळीहूनही बारीक. एकेक कडी सुईच्या नेढ्याएवढी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर क्राइस्टचर्च म्हणून गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे या साखळ्यांचा धंदा जोरात सुरू झाला. काम करीत त्या बायका आणि मुले. त्यांत वर्कहाउसातल्या, म्हणजे निराधारांना पोटावारी राबविणाऱ्या गृहांतल्या, लहान मुलीही होत्या. खिडकीशी बसून दिवसभर त्या कड्या जोडावयाच्या. त्यापायी डोळे जात, डोके दुखे. कोणा उमरावाच्या जाकिटात इंग्रजी घड्याळ टिकटिक करीत असे, तेव्हा त्याच्या पोटात अशा एखाद्या पोरीची नजर गुंडाळलेली असे.

म्हणून काय ते घड्याळ फोडून टाकावे? तसे केल्याने त्या पोरीला तिचे डोळे परत मिळणार नाहीत. उलट तिच्या हातची जी एकमेव खूण जगात उरली आहे तीही जाईल. ताजमहालाविषयीही असाच वाद घालतात आणि तो असाच अडतो. पण एवढे खरे की, अशी वस्तू हाती धरणाऱ्याने आपण फक्त सोने आणि मोती धरले आहेत असे समजू नये. कोणाचे तरी वय त्यात खर्ची पडलेले आहे. वेळ सांगण्याची हमी त्या घड्याळाला नसेल. परंतु त्यात किती माणसांचा वेळ गेला, याची साक्ष ते देते. घेणारा विकत घेतो तो हा दुसऱ्यांचा वेळ, आणि त्याचे पैसे मात्र ज्यांनी तो दिला त्यांतल्या एकालाही पोहोचत नाहीत.

पोहोचतात कोणाला? मागच्या धन्याला. या व्यवहाराचा नमुना म्हणून एक प्रसिद्ध उदाहरण देतो. न्यूयॉर्कचा बँकर हेन्री ग्रेव्हज याच्यासाठी जिनीव्हाच्या पाटेक फिलिप कारखान्याने एक खिशातले घड्याळ घडवून १९३३ साली त्याच्या हवाली केले. त्यात चोवीस निरनिराळ्या करामती. न्यूयॉर्कवरच्या रात्रीच्या आकाशाचा नकाशासुद्धा. १९९९ साली ते लिलावात एक कोटी दहा लाख डॉलरना गेले. २०१४ साली जिनीव्हात पुन्हा लिलाव झाला, तेव्हा त्याला सुमारे दोन कोटी चाळीस लाख डॉलर आले. मधल्या पंधरा वर्षांत त्यात एकही चाक वाढले नव्हते. वाढली होती ती माणसांची हाव. किंवा सौम्य शब्दांत, हौस. त्या वेळी ते कतारच्या राजघराण्यातल्या एका संग्राहकाचे होते, आणि लिलावाच्या दोनच दिवस आधी तो वारला. वेळ मोजणाऱ्या वस्तूच्या धन्यालाही वेळ किती उरली आहे ते कळत नाही.

या हौसेची बाजूही सांगितली पाहिजे; नाहीतर मी मास्तर असल्याने फक्त गुण कापावयास बसलो आहे, असे वाटेल. हौशी संग्राहक नसते, तर यांतली कित्येक घड्याळे आज नसती. सोन्याचा भाव चढला की जुन्या घड्याळांच्या डब्या वितळविल्या जात, आणि आतले यंत्र उघडेबागडे कुठेतरी खणात पडून राही. अशी नागवी यंत्रे आजही पेट्याच्या पेट्या भरून सापडतात. ज्याने डबीसकट घड्याळ जपले त्याने, मग ते हावेने का असेना, एक वस्तू मूस आणि भट्टी यांपासून वाचविली. देवळाचा खजिना पुजाऱ्याच्या भक्तीने राखला की कुलपाने, याची चौकशी इतिहास करीत बसत नाही.

म्हणूनच संग्राहकांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असते : आम्ही मालक नव्हे, पुढच्या पिढीसाठी राखण करतो, इतकेच. घड्याळांच्या जाहिरातींतही ही कल्पना आलेली आहे. वाक्य ऐकावयास फार गोड आहे. आपल्याला तर ते ओळखीचेही वाटते, कारण संपत्तीचा धनी हा तिचा विश्वस्त असावा, हा विचार गांधीजींनी आपल्याला सांगितला. परंतु विश्वस्त म्हटला म्हणजे त्याला हिशेब देणे आले. गावच्या देवस्थानाचा विश्वस्त चैत्रात वही घेऊन लोकांपुढे बसतो. ज्याला कोणाला हिशेब द्यावा लागत नाही, तो विश्वस्त कसला? तो मालकच, फक्त लाजरा मालक. हा हिशेब कोणता, ते आता एका घड्याळाच्या कथेवरून पाहू. ही कथा मी काही कादंबरीसाठी रचलेली नाही. रचली असती तर संपादकांनी अतिरंजित म्हणून परत पाठविली असती.

पॅरिसमध्ये अब्राहम-लुई ब्रेगे हा त्या युगातला सर्वांत मोठा घड्याळजी होता. १७८३ साली त्याच्याकडे एक मागणी आली. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी एक घड्याळ हवे. त्या वेळी माहीत असलेली प्रत्येक करामत त्यात असावी. जिथे सोने चालेल तिथे सोनेच वापरावे. पैशाला आणि वेळेला मर्यादा नाही. मागणी करणारा राणीच्या पहाऱ्यावरचा कोणी अधिकारी होता, असे म्हणतात. काम सुरू झाले. मग क्रांती झाली. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी राणीचा शिरच्छेद झाला. ब्रेगेलाही काही काळ देश सोडावा लागला. परत येऊन त्याने पुन्हा ते काम हाती घेतले. १८२३ साली तोही वारला. त्याच्या पेढीने १८२७ साली घड्याळ पुरे केले. मागणीला चव्वेचाळीस वर्षे झाली होती, आणि राणी जाऊन चौतीस. भाग आठशे तेवीस. क्रमांक एकशे साठ. जिच्यासाठी केले तिने पाहिले नाही, आणि ज्याने योजिले त्याने ते पुरे झालेले पाहिले नाही.

पुढे ते एका फ्रेंच उमरावाकडे होते. १८३८ साली त्याने ते दुरुस्तीला टाकले आणि परत न्यायला तो आलाच नाही, असे सांगतात. नंतर हातोहाती फिरत ते १९१७ साली लंडनमध्ये सर डेव्हिड सॉलोमन्स यांच्याकडे आले. सॉलोमन्स हे ब्रेगेच्या घड्याळांचे वेडे. त्यांनी ती जमविली, आणि १९२१ साली ब्रेगेवर एक पुस्तकही लिहून प्रसिद्ध केले. त्यांच्या मुलीने, व्हेरा यांनी, पुढे जेरुसलेम येथे इस्लामी कलेचे एक संग्रहालय उभारले. ते १९७४ साली उघडले, आणि वडिलांची घड्याळे तिथे लोकांना पाहावयास ठेवली.

१५ एप्रिल १९८३ च्या रात्री तेथे चोरी झाली. एकशे सहा घड्याळे व वस्तू गेल्या. त्यांत क्रमांक एकशे साठही. चोर एकटा होता, पट्टीचा होता, आणि एका बाबतीत अगदी फसला. माल इतका नामांकित होता की जगात कोठेही तो उघडपणे विकता येईना. तेव्हा त्याने ती घड्याळे खोक्यांत आणि देशोदेशींच्या तिजोऱ्यांत दडवून ठेवली. वीस वर्षे गेली. २००४ साली तो मेला. मरताना बायकोला सांगून मेला. २००६ साली वकिलामार्फत संग्रहालयाला निरोप आला, आणि क्रमांक एकशे साठ परत मिळाले. पुढे फ्रान्समधल्या तिजोऱ्यांतूनही बरीच सापडली. एकशे सहांपैकी शहाण्णव परत आली.

आमच्या सातवीच्या वर्गाला मी ही हकीकत सांगितली. चोर पकडला कसा, याकडेच मुलांचे लक्ष असणार, अशी माझी समजूत होती. पण मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “गुरुजी, इतक्या वर्षांत त्या चोराने ते घड्याळ चावी देऊन एकदा तरी ऐकलं असेल का?” मी म्हटले, “सांगता येत नाही, बाळ. पण दडवलेली वस्तू वाजू देणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं.” तेवढ्यात तिच्या शेजारच्या मुलाने विचारले, “आणि एखाद्या श्रीमंताने ते पैसे देऊन विकत घेतलं असतं, तर त्याने ऐकलं असतं का?”

त्याचे उत्तर मी वर्गात दिले नाही. पण तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. चोराच्या तिजोरीतला अंधार आणि सावकाराच्या तिजोरीतला अंधार यांत घड्याळाच्या दृष्टीने फरक कोणता? कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा आहे, आणि तो असलाच पाहिजे. एकाने मेहनतीच्या पैशाने घेतले, दुसऱ्याने खिडकी फोडून. ज्या जगात हा फरक पुसला जाईल तिथे तुमचे-आमचे दारही सुरक्षित राहणार नाही. तथापि कायदा एवढेच सांगतो की वस्तू कोणाच्या हाती असावी. हातात आल्यावर मूठ उघडावी की मिटावी, हे तो सांगत नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि म्हणूनच तो नीतीचा प्रश्न आहे. भाव वाढेल म्हणून घेतलेले, पेटीतून पेटीत गेलेले, कोणीही न पाहिलेले घड्याळ, आणि चोराच्या खोक्यातले घड्याळ. एकाच्या धन्याला झोप येते आणि दुसऱ्याच्या धन्याला येत नाही, यापलीकडे त्या दोन घड्याळांच्या नशिबात मला अंतर दिसत नाही.

सॉलोमन्स यांची गोष्ट मात्र वेगळी पडते. त्यांनीही ती घड्याळे विकतच घेतली होती, आणि त्यांना हौसही दांडगी होती. पण जे कळले ते त्यांनी लिहून ठेवले, आणि त्यांच्या मुलीने जे होते ते मांडून ठेवले. हा त्यांचा हिशेब.

बरे, संग्रहालयात गेले म्हणजे वस्तू कायमची सुटली, असेही नाही. २०२० साली याच जेरुसलेमच्या संग्रहालयाच्या चालकांनी पैशाच्या अडचणीपायी आपल्या संग्रहातल्या बऱ्याच कलावस्तू, आणि काही घड्याळेसुद्धा, लंडनच्या लिलावात काढली. देशात ओरड झाली, प्रकरण कोर्टात गेले, लिलाव थांबला, आणि २०२१ साली तडजोड होऊन वस्तू परत आल्या. चालकांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. दिव्याला तेल लागतेच. पण लोक ओरडले ते का? त्यांच्यापैकी कोणी त्या वस्तूंचे पैसे दिले नव्हते. वस्तू एकदा चारचौघांना पाहावयास मिळाली की पाहणाऱ्यांचाही तिच्यावर थोडा हक्क बसतो, आणि तो हक्क कोणत्याच खरेदीखतात लिहिलेला नसतो.

मग पाहावयास ठेवले की झाले का? येथे आणखी एक पेच आहे. घड्याळ हे चित्र नव्हे. ते चालावयाचे यंत्र आहे. चालविले की झिजते. तेल वाळते, चाकांचे आस खातात, साखळी तुटते. न चालविले तर टिकते, पण मग ते घड्याळ कसले? आपल्या बायका दिवाळीपूर्वी माळ्यावरची पितळी भांडी चिंचेने लखलखीत घासतात, आणि दर दिवाळीला त्यांवरचे कोरलेले नाव थोडे थोडे पुसट होते. न घासावे तर भांडे काळे पडते. घासावे तर पणजीचे नाव जाते. यावर शहाणी गृहिणी काय करते? नावाच्या जागी हात हलका ठेवते. मला वाटते, सगळ्या संग्रहालयशास्त्राचे सार या हलक्या हातात आहे. वर्षाकाठी एकदोनदा जाणत्या हातांनी चावी द्यावी, दोन घटका ऐकावे, ऐकवावे, आणि पुन्हा विसावू द्यावे.

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात ज्यांच्या शाळेची सहल गेली असेल, त्यांना तेथले मोठे घड्याळ आठवत असेल. तास भरत आला की शेकडो माणसे त्यापुढे जमतात. इवलासा पहारेकरी बाहेर येतो आणि घंटेवर टोले देतो. तिसरे सालारजंग यांनी हा सारा संग्रह स्वतःच्या हौसेसाठी वाढविला होता. १९४९ साली ते वारले, आणि १९५१ साली तो लोकांसाठी खुला झाला. आता त्या टोल्यांकडे कडेवरची पोरे आणि त्यांच्या आया डोळे लावून बसतात. वेळ काय झाली हे प्रत्येकाच्या मनगटावर किंवा खिशात असतेच. तरी सगळे थांबतात.

हिशेबात आणखी एक रकाना आहे, तो खरे सांगण्याचा. मिना तडकला तर तो पुन्हा भट्टीत घालून सांधता येत नाही. उरलेले चित्रही जाण्याची भीती असते. म्हणून रंग आणि राळ भरून तो थंडपणे बुजवितात. काही लबाड लोक एकाची डबी आणि दुसऱ्याचे यंत्र जुळवून नवेच ‘जुने’ घड्याळ बनवितात. चांगल्या विक्रेत्याच्या यादीत ‘तडा आहे’, ‘काटे नंतरचे आहेत’ असे स्पष्ट लिहिलेले असते, आणि ते वाचून मला त्या घड्याळाविषयी आदरच वाटतो. दोनशे वर्षांचे आयुष्य जगलेल्या माणसाच्या अंगावर एकही वण नसेल, तर आपणच आधी त्याच्याकडे संशयाने पाहू. वण लपवून विकणे म्हणजे घेणाऱ्याला फसविणे तर आहेच. पण ज्या कारागिराने सात भट्ट्यांतून ते चित्र सुखरूप काढले त्याच्या नावावर दुसऱ्याचे काम खपविणेही आहे.

आपल्या भाषेत ‘धनी’ हा शब्द मोठा चांगला आहे. धन ज्याच्याजवळ तो धनी, हे खरेच. पण बैलालाही धनी असतो, आणि तो केवळ बाजारातल्या पावतीने धनी ठरत नाही. शेतावरून आल्यावर स्वतः पाणी पिण्याआधी जो बैलाला पाणी दाखवितो, त्याला गाव धनी म्हणते. ज्याने बैल उपाशी बांधला, त्याच्याकडे पावती असली तरी लोक म्हणतात, बिचाऱ्या जनावराला धनी नाही.

घड्याळाचेही तेच. जो ते दाखवितो, त्याच्याविषयी खरे सांगतो आणि अधूनमधून त्याला चालू देतो, तो त्याचा धनी. मग त्याने ते लिलावात घेतलेले असो की वारशाने मिळालेले. उद्या एखाद्या यादीत ते सरोवराचे घड्याळ पुन्हा विक्रीला येईल, आणि कोणीतरी ते घेईल. घेऊ द्यावे, आपण त्याच्या पैशाचा हेवा करू नये. त्याला विचारावयाचे ते एवढेच, की आमच्या मागच्या बाकावरच्या मुलीला तुम्ही ते एकदा कानाशी धरू द्याल का?